नवा राउटर घेण्याआधी पाणी कुठे मुरतंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळ्यांना कळेल. चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. दाराजवळ फायबरचा पांढरा डबा, म्हणजे ओएनटी. तिथून वायर जाते ती टीव्ही युनिटच्या कप्प्यात ठेवलेल्या राउटरला. राउटरशेजारी उभं राहून मोजलं तरी ९२-९३ च्या वर वेग जात नाही, आतल्या बेडरूममध्ये १५-२० मिळतो, आणि संध्याकाळी तुमचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडकतो. कनेक्शन जोडणारा मुलगा म्हणतो एक्सटेंडर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) लावा, भाऊ म्हणतो पाच हजारांचा राउटर घ्या.

माझं म्हणणं, या आठवड्यात काहीच विकत घेऊ नका. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि त्यातली निदान दोन तरी बिनखर्चाची किंवा शे-दोनशे रुपयांची आहेत असं मला वाटतं.

सगळ्यात आधी मला खटकला तो ९२-९३ हा आकडा. वायफाय कमजोर असेल तर वेग वर-खाली होतो. कधी ७०, कधी १३०. तुमचा मात्र रोज त्याच जागी येऊन थांबतो. याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० ची भिंत आहे. लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) वायरवर किंवा ती जिथे खुपसतो त्या पोर्टवर १०० एमबीपीएसची मर्यादा असली की डेटाच्या पाकिटांवरचा पत्ता-मजकूर वगळून हातात साधारण ९४ पडतात. हा आकडा इतका ठरलेला आहे की तो दिसला की मी आधी वायर बघतो.

हे मी स्वतः भोगलंय. डोंबिवलीच्या घरी १०० चा प्लॅन ३०० चा केला आणि सात महिने पैसे भरून ९४ च वापरत बसलो. हेल्पलाइनवर दर वेळी राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगायचे. शेवटी एका रविवारी वायरचा पारदर्शक जॅक उजेडात धरून बघितला, तर आठांपैकी चारच तारा आत बसवलेल्या. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, म्हणून जोडणाऱ्याने तेवढ्याच दाबल्या होत्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, मात्र आठही लागतात. दुकानातून दीड मीटरची तयार वायर आणली, लावली, आणि त्याच मिनिटाला वेग २८० च्या पुढे गेला.

तुम्हीही हेच बघा. ओएनटी ते राउटर या वायरीच्या दोन्ही टोकांचे जॅक उजेडात धरा आणि रंगीत तारा मोजा. वायरीच्या अंगावर कॅट ५ई किंवा कॅट ६ असं छापलेलं हवं. मग मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राउटरचं पान उघडा (नेमका पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो). स्टेटसमध्ये वॅन पोर्टचा (ओएनटीकडून आलेली वायर जिथे लागते तो) लिंक स्पीड १०० दिसतोय की १००० ते बघा. तारा आठ आहेत, वायर बदलून झाली, तरी १०० च दिसत असेल, तर राउटरचा किंवा ओएनटीचा पोर्टच फास्ट इथरनेटचा, म्हणजे १०० चा, असणार. खोक्यावर १०/१०० लिहिलं असेल तर १०० च्या पुढे तो जाणार नाही. १०/१००/१००० किंवा गिगाबिट असं असायला हवं. पोर्टच तसा निघाला तर कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही. राउटर तुमचा असेल तर तो बदलायचा, आणि कंपनीचा असेल तर २०० च्या प्लॅनला १०० चा डबा का दिला, हे विचारून बदलून मागायचा. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

मोजण्याबद्दल एक सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, आणि फाइल उतरवताना संगणक बऱ्याचदा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. खरा वेग बघायचा तर लॅपटॉप वायरने राउटरला जोडा, घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं नेट सोडायला सांगा, आणि सकाळी एकदा व रात्री नऊला एकदा असं तीन-चार दिवस मोजून वहीत लिहा. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबी अडॅप्टर गिगाबिटचाच घ्या, नाहीतर पुन्हा तेच ९४ दिसतील आणि नसता संशय वायरवर जाईल.

सकाळी वायरवर १९० आणि रात्री ४० असं काही दिसलं तर दोष घरात नाही. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन पद्धतीच्या असतात. त्यात एका तंतूवरचे साधारण अडीच गिगाबिट बत्तीस-चौसष्ट घरांत वाटले जातात. शिवाय पुढे कंपनीची स्वतःची लाइनही तुंबू शकते. अशा वेळी त्या वहीतल्या नोंदी आणि स्क्रीनशॉट जोडून तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, आणि दाद मिळाली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनी ही दुसरी पायरी कंपन्यांना ठेवावी लागते, पण फार कमी लोक ती चढतात. प्लॅनची एफयूपी (जिच्यानंतर वेग कमी होतो ती डेटाची मर्यादा) संपली नाही ना, हेही ॲपमध्ये बघून घ्या.

आता बेडरूम. राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात म्हणजे टीव्हीच्या पत्र्यामागे, लाकडी दारांच्या आत आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर. लहरींना यापेक्षा वाईट जागा क्वचितच असेल. धातू लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. म्हणून लोखंडी कपाट, मोठा आरसा (त्यालाही मागून धातूचा मुलामा असतो), फिश टँक आणि लिफ्टची आरसीसी भिंत या चार गोष्टी राउटर आणि तुमच्या टेबलाच्या मध्ये येऊ देऊ नका. भिंतीतून लहर तिरकी गेली तर चार इंचांची भिंत तिला आठ इंचांची पडते. त्यामुळे हॉलच्या कोपऱ्यापेक्षा बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी, पाच-सहा फूट उंचीवर, एका लहान फळीवर राउटर ठेवा. अँटेना उभ्या ठेवा. त्यांचा फैलाव आडवा, मेदूवड्यासारखा असतो, टोकातून जवळपास काही निघत नाही. लोक टोक बेडरूमकडे रोखून ठेवतात, ते उलट पडतं.

यासाठी फायबर हलवायची गरज नाही, आणि कृपा करून स्वतः हलवूही नका. आतला काचेचा तंतू जास्त वाकला की प्रकाश गळतो आणि ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागतो. ओएनटी आहे तिथेच राहू द्या. तिथून पॅसेजपर्यंत दहा-बारा मीटरची कॅट ६ वायर केसिंग पट्टीतून घ्या. तांब्याची ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. इलेक्ट्रिशियन तासाभराचं काम म्हणून करून देईल, पण आठही तारा दाबून घ्यायच्या, समोर उभं राहून.

जागा बदलल्यावर बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण वेग कमी आणि गर्दी प्रचंड. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि इमारतीतल्या प्रत्येक घराचा राउटर तिथेच. ५ गिगाहर्ट्झला भिंत जड जाते, पण रस्ता रुंद आणि मोकळा. २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्यातला मोठा भाग विनापरवाना खुला केल्यापासून तर आपल्याकडे भरपूर चॅनेल मिळतात. काही दिवस दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. ऑफिसचा लॅपटॉप, मोबाइल आणि टीव्ही ५ वर. स्मार्ट बल्ब, कॅमेरा असली उपकरणं २.४ वर. लॅपटॉप आजवर बेडरूममध्ये गुपचूप २.४ ला चिकटून बसत होता का, हे त्यातून लगेच कळेल. मला तरी तुमच्या १५-२० चं मुख्य कारण तेच वाटतं.

२.४ वर चॅनेल (पट्ट्यातली लेन म्हणा) १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. शेजारच्यांची गर्दी वायफाय ॲनालायझरच्या ॲपमध्ये दिसते. ती बघून लोक ३ किंवा ४ सारखा मधला मोकळा चॅनेल घेतात, पण त्याने दोघांचंही नुकसान होतं. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर शेजाऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट होऊन येतं. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१, रुंदी ८०. सुरक्षेत डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. टीकेआयपी हा जुना प्रकार निवडलेला असेल तर राउटर कितीही चांगला असो, वायफायची जोडणी ५४ एमबीपीएसवर येऊन बसते.

संध्याकाळी अडकणारा कॉल हे तिसरं दुखणं, आणि याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. कॉलला फार वेग लागत नाही, दोन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला पाकिटं वेळेवर पोचायला हवी असतात. संध्याकाळी सगळे घरी आले की फोन वायफायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो, व्हिडिओ आपोआप वर चढवायला लागतात. अपलोडची वाट भरते, राउटरमध्ये रांग लागते, आणि तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. वेगाची चाचणी करताना पिंग (पाकीट जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) २० वरून ३०० वर उडत असेल तर हेच होतंय. फोटोंचा बॅकअप रात्री एकनंतरचा लावा. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाची पाकिटं आधी सोडायची ते ठरवणारं सेटिंग) असेल तर अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा आणि ऑफिसच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या. थोडा वेग सोडावा लागतो, पण कॉल सुरळीत होतो. एक सावधगिरी: स्वस्त राउटरचा प्रोसेसर क्यूओएसने दमतो, म्हणून लावल्यावर पुन्हा मोजा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकलं की वेग वाढतो असं कुणी सांगेल. पान उघडण्याची सुरुवात किंचित लवकर होईल, डाउनलोड तेवढंच राहील.

एवढं करूनही आतल्या बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झ पोचलं नाही, तरच दुसऱ्या उपकरणाचा विचार. बिनतारी साधा एक्सटेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. आणि तो बसवला जातो बेडरूममध्ये, जिथे मुळात सिग्नलच उरलेला नसतो. त्यापेक्षा माळ्यावर पडलेला जुना ड्युअल बँड राउटर काढा, पॅसेजमधून बेडरूमपर्यंत वायर न्या आणि त्याला ॲक्सेस पॉइंट (वायरवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा) करा. सेटिंगमध्ये तो पर्याय नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि वायर दोन्हीकडे लॅनच्या पोर्टातच लावा, वॅनमध्ये नको. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच ठेवा, चॅनेल वेगळा.

जाता जाता राउटरच्या ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. ॲडॅप्टर कधी बदलावा लागला तर व्होल्ट आणि ध्रुव तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त.

आज रात्री जॅकमधल्या तारा आणि वॅनचा लिंक स्पीड बघा. उद्या सकाळी आणि रात्री नऊला वायरवरचे आकडे इथे टाका, सोबत राउटर आणि ओएनटी दोन्हींच्या स्टिकरवरचं मॉडेल. फोटो टाकलात तर सिरीयल नंबर आणि पासवर्ड आधी झाकून घ्या.