सूर्य आणि वाऱ्याच्या विजेला देशात जमीन पुरेल का?

देशाची सगळी वीज सूर्य आणि वाऱ्यापासून करायची ठरवली तर तेवढी जमीन आहे का, की शेतीवर गदा येईल, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला राहतो आणि वीज वितरणाच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून आमच्या मध्य प्रदेशातलीच उदाहरणे घेतो.

रीवा येथील सौर प्रकल्प ७५० मेगावॅटचा असून त्याचे क्षेत्र १,५०० हेक्टर आहे, म्हणजे मेगावॅटमागे २ हेक्टर. पॅनेलच्या एका रांगेची सावली दुसरीवर पडू नये म्हणून सोडलेले अंतर, रस्ते आणि उपकेंद्र हे सारे त्यात आले. आपल्याकडच्या उन्हात १ मेगावॅटपासून वर्षाला साधारण १७ लाख युनिट मिळतात, म्हणजे हेक्टरी साडेआठ लाख. देशात वर्षाला १,८०० अब्ज युनिटच्या आसपास वीज तयार होते असे धरले, तर ती सारी सूर्यापासून मिळवायला सुमारे २१ लाख हेक्टर लागतील. हे देशाच्या क्षेत्रफळाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी आहे. तेव्हा एकूण जमीन पुरते. कोणती जमीन घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

जमिनीच्या दृष्टीने सर्वांत महाग ऊर्जा कोणती, हे मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. ती म्हणजे उसापासून केलेले इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळतात ते इंधन. हेक्टरी ७५ टन ऊस आला आणि त्याच्या रसापासून टनामागे ७० लिटर इथेनॉल काढले, तर हाती ५,२५० लिटर येते आणि त्यातली उष्णता जेमतेम ३१,००० युनिटइतकी भरते. इंजिनात जाळल्यावर तिचाही मोठा भाग वाया जातो. तेवढ्याच जमिनीवरचे पॅनेल याच्या सत्तावीसपट ऊर्जा देतात, तीही थेट विजेच्या रूपात, आणि उसाला लागणारे पाणी वाचते ते वेगळेच. सुपीक जमीन आणि पाणी इंधनासाठी पिकवण्यात घालवणे मला मुळीच पटत नाही.

जलविद्युतही जमिनीच्या बाबतीत स्वस्त नाही. नर्मदेवरच्या १,००० मेगावॅटच्या इंदिरा सागर धरणाचा जलाशय पूर्ण भरल्यावर ९०० चौरस किलोमीटरहून अधिक पसरतो. २००४ मध्ये हरसूद गाव त्याखाली गेले. सिंचन आणि पाण्याचा साठा हे त्याचे लाभ खरे आहेत, पण विस्थापितांनी दिलेली किंमतही हिशेबात धरलीच पाहिजे. आता निदान पाण्याखाली गेलेल्या जागेचा दुसरा उपयोग होत आहे: ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगत्या पॅनेलचा ६०० मेगावॅटचा प्रकल्प आखला गेला आणि त्याचा पहिला टप्पा वीज देऊ लागला.

पवनचक्कीचा पाया थोडीच जागा घेतो आणि दोन चक्क्यांमधल्या मोकळ्या जमिनीत शेती चालू राहते. मर्यादा आहे ती वाऱ्याची. वेग निम्मा झाला की वाऱ्यातली शक्ती एक अष्टमांशावर येते, म्हणून देवासजवळच्या टेकड्यांवर चक्क्या चालतात आणि सपाट माळव्यात त्या उभ्या करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

जमिनीपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. इंदूरसाठी नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणून चारेकशे मीटर वर चढवावे लागते. त्या पंपांच्या विजेसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प आखून महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभे केले. योजना चांगली आहे. परंतु पंप रात्रीही चालतात, आणि त्या वेळची वीज ग्रिडमधून, म्हणजे बहुतांशी कोळशापासून येते. बॅटरी किंवा पाणी वर चढवून साठवणारी जलविद्युत केंद्रे पुरेशी उभी राहीपर्यंत केवळ पॅनेल वाढवल्याने रात्रीची गरज भागणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी छपरे भरावीत. १ किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर जागा पुरते आणि नवी जमीन अजिबात लागत नाही. त्यानंतर जलाशय आणि कालवे घ्यावेत, आणि सोयाबीन-गव्हाची काळी जमीन शेवटपर्यंत राखावी. आपल्या गावाजवळ प्रकल्प येत असेल, तर जमीन 'पडीक' आहे एवढ्या नोंदीवर समाधान मानू नका. ती प्रत्यक्षात गुरांची चरणोई आहे का, हे गावकऱ्यांना विचारून ग्रामसभेत लेखी नोंदवून घ्या.