फोटोत सहा, पाकिटात एक

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन विक्री

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच रड जास्त होती: माल पाठवला, गिऱ्हाईक म्हणतं कमी आला. मी स्वतः मणी, बटणं, दोरे असलं सामान ऑनलाइन विकते. त्या धंद्यात मोजण्यावरूनच सगळ्यात जास्त वाजतं, म्हणून या वेळी हाच एक विषय घेतला आहे.

ताई, मी हाताने कोरलेली लाकडी बटणं विकते. शीर्षक होतं ‘लाकडी बटणं, ६ डिझाइन्स’. फोटोत सहाही मांडली होती. वर्णनात ‘किंमत एका बटणाची आहे’ असं स्पष्ट लिहिलं होतं. एका बाईंनी १ नग मागवला, मी एक बटण पाठवलं. आता त्या म्हणतात, सहा यायला हवी होती. त्यांनी वर्णन वाचलं नाही यात माझा काय दोष?

वर्णनात लिहिलं होतं, हे मान्य. पण त्या बाईंच्या बाजूने बघा. शीर्षकात ‘बटणं’, म्हणजे अनेकवचन. शेजारी ६ हा आकडा. फोटोत मोजून सहा. एवढ्या साक्षीदारांसमोर तुमची वर्णनातली एक ओळ उभी आहे, आणि मोबाइलवर ती ओळ बहुतेक ठिकाणी ‘आणखी वाचा’च्या मागे दडलेली असते. गिऱ्हाईक फोटो बघतं, किंमत बघतं, शीर्षकाचा पुढचा तुकडा बघतं आणि खरेदीचं बटण दाबतं. मीही घेताना तेच करते, तुम्हीही करत असाल.

मला या पत्रात खटकलं ते वेगळंच. बाईंनी १ नग मागवला, पण कोणतं डिझाइन ते सांगितलं नाही. सहांतलं एकच हवं असतं, तर त्यांनी निवडलं नसतं का? निवड केली नाही याचा अर्थ सगळी येणार असं त्या धरून चालल्या होत्या. तिथेच एक निरोप टाकायचा: ‘ऑर्डर १ बटणाची दिसते, कोणतं डिझाइन पाठवू?’ भांडण पाकीट बंद होण्याआधीच मिटलं असतं.

आता जाहिरात बदला. शीर्षक आकड्यानेच सुरू होऊ दे आणि एकवचनात लिहा: ‘१ लाकडी बटण, २० मिमी, ६ पैकी आवडीचं डिझाइन’. ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर शीर्षकाला ८० अक्षरं मिळतात, एट्सी या दुसऱ्यावर १४०, पण शोधयादीत सगळी दिसतातच असं नाही. शेपूट छाटलं जातं. नगसंख्या शेपटात ठेवली तर नेमकी तीच जाते. पहिल्या फोटोत एकच बटण ठेवा. सहांचा एकत्र फोटो दुसरा घ्या, त्यात प्रत्येकाखाली क्रमांक घाला आणि ठळक लिहा, ‘एका ऑर्डरमध्ये १’. (हे अक्षरकाम पहिल्या फोटोवर करू नका. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोवर मजकूर चालत नाही.) डिझाइनची निवड सक्तीची ठेवता येत असेल तर ठेवा.

या चालू भांडणाचं काय करायचं, तर बटणं फार महाग नसतील तर उरलेली पाच पाठवून मोकळ्या व्हा. कोरायला वेळ लागतो, इतकी देणं परवडत नाही असं असेल, तर बटण परत मागवा, येण्याजाण्याचा खर्च तुमच्याकडे घ्या आणि पूर्ण पैसे द्या. ‘वर्णनात लिहिलं होतं’ हे वाक्य मात्र त्यांना पाठवू नका. तक्रार वर गेली तर तिथे बसलेला माणूसही आधी फोटो आणि शीर्षकच बघणार आहे.

मी १२ बटणांचं पाकीट विकतो. एका गिऱ्हाइकाने नगसंख्येच्या चौकटीत १२ टाकलं. मी १२ पाकिटं पाठवली. आता ते म्हणतात, आपल्याला बारा बटणं हवी होती.

म्हणजे त्यांच्या घरी १४४ बटणं पोचली. ठोक व्यापारात याला एक ग्रोस म्हणतात, पण शर्ट शिवणाऱ्या माणसाला ग्रोसभर बटणं कशाला लागतील? हा प्रश्न पाकीट भरताना तुमच्या मनात यायला हवा होता.

चौकटीतला आकडा तुमच्या मापाचा आहे की गिऱ्हाइकाच्या, हे त्या चौकटीवर लिहिलेलं नसतं. म्हणून पर्यायांच्या यादीत नुसते ‘१२’, ‘२४’ असे आकडे ठेवू नका; ‘१ पाकीट = १२ बटणं’ असं पूर्ण लिहा. एका ऑर्डरला जास्तीत जास्त किती पाकिटं, ही मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती वापरा. आणि मागवलेली संख्या पाकिटातल्या नगांइतकीच किंवा त्याच्या पटीत आली, की विचारल्याशिवाय माल हलवू नका. खऱ्या ठोक गिऱ्हाइकाला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

याच जातीची आणखी एक गल्लत सांगते. तुम्ही साठा भरता ‘१०’, आणि पानावर दिसतं ‘१० उपलब्ध’. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, दहा मिळणार. ती ओळ तुम्हाला बदलता येत नाही. शीर्षकातला १ ठसठशीत असला तर तिचा त्रास कमी होतो, एवढंच.

८ मिमी मण्यांच्या १६ इंची सरी विकते. ‘अंदाजे ५० मणी’ लिहिते. ४७ निघाले म्हणून एकीने सगळे पैसे परत मागितले. अंदाजे म्हणजे अंदाजेच ना?

लिहिणाऱ्यासाठी. वाचणाऱ्याला फक्त ५० दिसतात.

हिशोब करून बघू. १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. भागिले ८, म्हणजे पन्नासच्या किंचित वर. पण हे झालं कागदावर. सरीच्या दोन्ही टोकांना गाठ आणि थोडा मोकळा दोरा असतो, आणि ८ मिमी म्हणून आलेले मणी ८.३ भरले तर दोन मणी तिथेच कमी होतात. तेव्हा ४७ निघण्यात लबाडी नाही. ५० लिहिण्यात मात्र आशावाद आहे. ‘किमान ४६ मणी’ असं लिहा. जास्त निघाले म्हणून कोणी तक्रार करत नाही. शिवाय ४६ मण्यांत आपली माळ होते की नाही, हे घेणारीला आधीच ठरवता येतं. तिचं खरं नुकसान तिथे असतं: तीन मणी कमी पडले म्हणून अख्खी दुसरी सर घ्यायची, आणि ती वेगळ्या लॉटमधली असली तर रंग जुळत नाही.

बारीक मणी वजनावर विकत असाल तर १० ग्रॅम तोलून एकदा खरोखर मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण नवा लॉट आला की ते पुन्हा करा, कारण त्याच मापाचा मणी दुसऱ्या कारखान्याचा असला की संख्या बदलते. वजन पिशवी आणि दोरा सोडून लिहायचं.

कापड, लेस विकणाऱ्यांनी इथेच लक्षात घ्यावं: मीटर की यार्ड ते लिहा (यार्ड म्हणजे ९१.४४ सेंमी, दहा यार्डांत जवळपास ८६ सेंमीचा फरक पडतो), आणि ३ मागवले तर एकसंध तुकडा येणार की एकेकाचे तीन, तेही लिहा. एकसंध नसेल तर मापात पूर्ण असूनही ते कापड घेणाऱ्याच्या कामाचं नसतं.

जुनी मासिकं विकतो. ‘संपूर्ण वर्ष’ असं लिहून ११ अंक पाठवले, कारण त्या वर्षी जोडअंक निघाला होता. गिऱ्हाईक म्हणतं, एक अंक दाबला.

तुम्ही बरोबर आहात, पण हे सिद्ध करायची वेळ आली तिथेच हरलात. ‘११ प्रती, जून-जुलै जोडअंक, वर्ष पूर्ण’ असं लिहा आणि सगळ्या मुखपृष्ठांचा एक फोटो टाका. सध्याच्या गिऱ्हाइकाला जोडअंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवा, ज्यावर दोन्ही महिने छापलेले दिसतात. संग्राहक माणूस असेल तर लगेच समजेल. ‘सेट’, ‘लॉट’, ‘संच’ लिहिणाऱ्या सगळ्यांना हेच लागू: पुढे आकडा हवाच, आणि त्यातलं काही नसेल तर काय नाही तेही.

मी विकत नाही, घेतो. माझी फसगत होऊ नये म्हणून काय करू?

एका नगाचा भाव काढा आणि तसल्याच दुसऱ्या दोन-तीन जाहिरातींशी ताडून बघा. सहाच्या फोटोखाली इतरांच्या एकाची किंमत दिसली, तर एकच येणार असं धरा. तरी शंका उरली तर त्या संकेतस्थळाच्या निरोपातूनच विचारा, फोनवर नको. लेखी उत्तर पुढे उपयोगी पडतं. ऑर्डर देण्याआधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रार गेल्यावर जाहिराती फार चटकन सुधारतात. विक्रेत्यांना तसा सल्ला मीच दिला आहे, वर पहिल्याच उत्तरात.