फोनमधली गाणी पुसण्याआधी

सोलापूर

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा मेसेज मी दोनदा वाचला. बाप्तिस्मा झाल्यावर तरुण संघातल्या ताईनं सांगितलं, जगिक गाणी सोड, फोनमधली सगळी पुसून टाक, आणि घरात रेडिओ लागला तर उठून जा. अप्पांनी रेडिओ लावला की तू खरंच उठून जातेस, हे वाचून मला वाईट वाटलं. ही गाणी ऐकणं पाप आहे का, असं तू विचारतेस. सरळ सांगते: नाही. गाण्यात देवाचं नाव नाही एवढ्यावरून ते पाप ठरत नाही. पण एवढं सांगून मी मोकळी झाले तर तुझ्यावर अन्याय होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शास्त्र उघड. 2 शमुवेलच्या पहिल्या अध्यायात शौल आणि योनाथान मेल्यावर दाविदानं गायलेलं विलापगीत आहे. एकोणिसाव्या वचनापासून शेवटपर्यंत वाच. त्यात डोंगर आहेत, ढाल आहे, गरुड आणि सिंह आहेत, जिवलग मित्राचं दुःख आहे. देवाचं नाव एकदाही नाही. तरी ते शास्त्रात आहे, आणि यहूदाच्या मुलांना ते शिकवा असं तिथंच सांगितलंय. आता निर्गमचा बत्तिसावा अध्याय घे. सोन्याचं वासरू घडवून अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वरासाठी सण आहे. मोशे डोंगर उतरताना त्याच्या कानावर येतो तो गाण्याचाच आवाज. नाव परमेश्वराचं होतं, पण गाणं बिघडलेलं होतं. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून तर देव स्पष्ट म्हणतो, तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, कारण न्याय कुठं दिसत नव्हता. म्हणून गाण्यावर 'जगिक' किंवा 'आत्मिक' अशी चिठ्ठी डकवून तुझा प्रश्न सुटणार नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर ही विभागणी अजूनच तोकडी पडते. बाहेरच्या प्रचारकांच्या व्हिडिओंत दोनच कप्पे असतात, देवाची गाणी आणि जगाची गाणी. मग आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठं ठेवायच्या? अंगाई कुठं? अभंग कुठं? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आपल्या शहरातून जाते. टाळ-मृदंग कानावर आल्यावर तू कानात बोळे घालणार आहेस का?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघ. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकून दिलं नाही. त्याच वळणानं त्यांनी ख्रिस्ताची गाणी लिहिली, आणि 'उपासना संगीत' उघडून आपण रविवारी जे गातो त्यात त्यांची किती पदं आहेत हे तूच बघ. त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनं उभी केली होती. हेच टिळक अख्ख्या महाराष्ट्राचे फुलामुलांचे कवी. जखमी पक्षिणीवरची त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळाशाळांतून शिकवली गेली. ती जगिक म्हणून फाडायची? मला ती वाचताना करुणा शिकायला मिळाली. प्रवचनातून तितकी क्वचितच मिळाली.

अभंगाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते तुझ्यापासून लपवत नाही. अभंग हे करमणुकीचं गाणं नाही, ती विठ्ठलाला केलेली विनवणी आहे. मी तो आदरानं ऐकते, त्यातून नम्रता शिकते, पण ती विनवणी माझी म्हणून गात नाही. गाणाऱ्याच्या श्रद्धेचा मान राखायचा तर ती नुसती छान चाल म्हणून वापरणंही मला पटत नाही. तुला इथं वेगळं वाटलं तर प्रार्थना करून ठरव. मला राग येणार नाही.

चालींचं म्हणशील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. मार्टिन लूथरनं दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून स्तोत्रं केली, असं तरुणांच्या सभेत हमखास सांगतात. त्याला आधार नाही, तू ते सांगू नकोस. खरं उदाहरण हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराचं आहे. 1601 मध्ये छापलेल्या त्याच्या एका प्रेमगीताची चाल पुढं ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटावरच्या स्तोत्राला लागली, आणि पुढं बाख या जर्मन संगीतकारानं तीच चाल मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या आपल्या मोठ्या रचनेत पुन्हा पुन्हा आणली. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्या चालीवर रडणाऱ्या कुणाला प्रेमगीत आठवत नाही.

आता मी कुठं कडक आहे ते ऐक. बाईला वस्तू करून टाकणारं गाणं मी बंद करते, ठेका कितीही चांगला असो. दुसऱ्या जातीला, दुसऱ्या धर्माला डिवचण्यासाठी मिरवणुकीत डॉल्बीवर लावतात ती गाणीही. ती रस्त्यावरून तुझ्या कानात शिरली तर तो तुझा दोष नाही, पण त्यावर पाय थिरकायला लागले तर थांब. तिसरा प्रकार वरवर निरुपद्रवी असतो, तो म्हणजे रात्री उशिरा हेडफोन लावून एकामागून एक ऐकलेली विरहाची गाणी. पहिलं गाणं तू निवडतेस, पुढची सगळी ॲप निवडतं, आणि तासाभरानं तू स्वतःचीच कीव करत पडलेली असतेस. तेव्हा प्रार्थना सुचत नाही, आईनं हाक मारली तरी राग येतो. त्या गाण्यात एकही वाईट शब्द नसेल. तरी ते तुझ्यासाठी त्या वेळी चांगलं नाही. सगळ्याची मोकळीक आहे पण सगळं हितकारक नाही, असं पौलानं करिंथकरांना लिहिलं ते अशाच प्रसंगांसाठी. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय आजच बंद कर.

उलट, बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांचा आवाज कुठं ऐकायला मिळाला तर सोडू नकोस. कष्टकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलेला तो पहाडी आवाज आहे. गिरणीत आयुष्य घालवलेल्या माणसांच्या आपल्या गावात न्यायाची भूक काय असते हे त्यातून कळतं, आणि मग आमोस वाचलास तर तो परका वाटत नाही.

त्या ताईवर चिडू नकोस. काही गाण्यांना माणसाचं जुनं आयुष्य चिकटलेलं असतं. कुणाला ती ऐकली की बाटली आठवते, कुणाला मोडलेलं घर. तिनं स्वतःसाठी सगळी गाणी सोडली असतील तर तो तिचा आणि प्रभूचा विषय आहे, आणि तिच्यासमोर मुद्दाम ती लावणं प्रीतीचं नाही. पण रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघींना बांधतो: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. तिचा उपास तुझा कायदा होत नाही. हे तिला शांतपणे, एकटीला गाठून सांग. ग्रुपवर लिहू नकोस.

तुला स्वतःला थोडे दिवस सगळं बंद ठेवून बघावंसं वाटलं तर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, जरूर कर. मीही करते. पण कुणाला न सांगता, आणि पुढं काय परत घ्यायचं, काय नाही, ते नंतर ठरव. एका रात्रीत सगळं पुसून टाकलेली मुलं दोन महिन्यांनी लपूनछपून तेच ऐकताना मी पाहिलीत, आणि लपवण्यानं त्यांचं जास्त नुकसान झालं.

अप्पांचं मात्र थांबवू नकोस. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात राबून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी जुनी गाणी लागतात. आईबापाचा मान राख ही आज्ञा आहे, रेडिओ बंद कर अशी आज्ञा मला कुठं सापडली नाही. उठून जाण्यापेक्षा त्यांच्याजवळ बस, हे गाणं त्यांना का आवडतं ते विचार. तुझ्या विश्वासामुळं मुलगी दुरावली असं त्यांना वाटायला नको.

आणि चुलतबहिणीच्या हळदीत गाऊ का, हा तुझा शेवटचा प्रश्न. गा. हळदीची जुनी गाणी आत्यांकडून शिकून घे, त्यांना येतात तोवर. डीजेवाल्यानं घाणेरडं काही लावलं तर हसून पाणी प्यायला जा, भाषण देऊ नकोस. रविवारी उपासनेनंतर पेटीपाशी थांब, आपण नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू करतोय आणि मला वरच्या पट्टीत गाणारी हवी आहे.

तुझी,
मावशी