मुलाला ऑस्ट्रेलियात प्लॉट घेऊन घर बांधायचंय, वावर विकून पैसे पाठवू का?

काका, वावर विकायची घाई नका करू. पोरगा तिथं तात्पुरत्या व्हिसावर आहे म्हणता, तर सौद्याआधी त्याला तिथल्या सरकारची विदेशी गुंतवणूक परवानगी लागते, तिची फी वेगळी. मोकळा प्लॉट मिळतो, पण साधारण ४ वर्षांत घर पूर्ण करावं लागतं. आपल्यासारखं यंदा जोतं, पुढच्या साली कापूस विकला की स्लॅब, हे तिथं चालत नाही. अन् घरंही बहुतेक लाकडी सांगाड्याची, गवंड्यापेक्षा सुताराचंच काम जास्त!

इथून एका माणसाला आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर बँक टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते, तो आयकर रिटर्नमध्ये वळता करून घ्या. कायम रहिवासाचा व्हिसा मिळाला तर परवानगीची कटकटच नाही, तोवर वावर राहू द्या.