आधी कोणाचं फेडू?

प्रश्न: दसऱ्याच्या आठवड्यात मालक मोटारसायकलवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. खासगी दवाखान्यात 62,000 लागले. त्यातले 30,000 गावातल्या एकाकडून चार रुपये शेकड्यानं घेतले, कोऱ्या स्टॅम्पवर सही दिली. पाच एकर कोरडवाहू आहे. बँकेचं पीककर्ज 1,10,000, कृषी केंद्राची उधारी 38,000. माझ्या नावावर दोन कंपन्यांचं गटकर्ज आहे, महिन्याचा हप्ता 2,150 आणि 1,780. घरात अंदाजे 22 क्विंटल कापूस, दोन तोळ्यांची पोत, मुलीच्या सुकन्या खात्यात 41,000. दीर म्हणतात, बैलजोडी विका अन् मोकळे व्हा. गटाचा साहेब सकाळी सातला दारात येऊन बसतो, शेजारणी पाहतात, म्हणून आधी त्याचंच भरते. काय विकू? आधी कोणाचं फेडू?
– एक भगिनी, घाटंजी तालुका

उत्तर: ताई, "शेजारणी पाहतात, म्हणून" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बँकेच्या काउंटरवर सत्तावीस वर्षं बसले, आणि कास्तकाराच्या घरचा पैसा याच क्रमानं जाताना पाहिला. जो दारात येऊन बसतो त्याचं आधी, जो फोन करतो त्याचं नंतर. बँक बिचारी दारात येत नाही, म्हणून तिचं सगळ्यात शेवटी. तुमच्या घरात नेमका हाच क्रम उलटा करायला हवा.

पोरीच्या वहीचं एक पान घ्या. प्रत्येक देण्यापुढे दोनच गोष्टी लिहा: वर्षाचं व्याज किती, आणि नाही दिलं तर काय जाईल. मालक खाटेवर आहेत ना, त्यांना शेजारी बसवूनच लिहा. कोरा स्टॅम्प त्यांनी दिला की तुम्ही, हे पत्रात नाही, पण दोघांपैकी एकाला पूर्ण हिशेब माहीत नसतो हे मी गृहीत धरते.

चार रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 48 टक्के. 30,000 वर महिन्याला 1,200 जातात आणि मुद्दल तसंच उभं राहतं. हे देणं सगळ्यात आधी संपवा, आणि कापसाच्या पैशानं नाही, पोतीवर. पोत विकायची नाही, बँकेत तारण ठेवायची. तिथे व्याज वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 30,000 वर महिन्याचे अडीचशे. दोन तोळ्यांच्या किमतीपुढे 30,000 काहीच नाही, त्यामुळे बँकेचे साहेब आणखी रक्कम देऊ करतील. घेऊ नका. वजन तुमच्यासमोर होऊ द्या, मणी-लाख वजा करून निव्वळ सोनं किती ग्रॅम ते पावतीवर लिहून घ्या.

मालक म्हणतील, बायकोच्या गळ्यातलं बँकेत ठेवलं तर लोक काय म्हणतील. त्यांना विचारा, कोऱ्या स्टॅम्पवर काय लिहिलं जाईल ते लोक सांगणार आहेत का? पैसे देताना जाणता साक्षीदार सोबत न्या आणि तो कागद हातात आल्याशिवाय नोटा सोडू नका. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. गावात राहून तक्रार करणं किती जड असतं ते मला कळतं. पण कागद देत नसेल तर तो रस्ता आहे, आणि ते त्यालाही माहीत असतं.

आता पीककर्ज. तुम्ही त्याला शेवटी ठेवलंत, कारण ते गप्प आहे. कर्जाचा दर 7 टक्के. मुदतीत भरलं तर 3 टक्के केंद्राकडून सुटतात, उरलेलं राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, म्हणजे 3 लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की सवलत गेली, आणि खातं थकीत झालं तर पुढच्या खरिपाला नवीन कर्ज नाही. मग बियाणं-खत पुन्हा त्याच चार रुपयांवर. मुदतीची तारीख शाखेत विचारून त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. या 1,10,000 साठी कापूस राखून ठेवायचा आहे.

कापसाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो सध्या तुमच्या पुढच्या खोलीत असणार, पोरं त्याच्यावर झोपत असणार आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली असणार. खेडा खरेदीवाला दारात येतो, रोख देतो, आणि ओलीच्या नावानं, कचऱ्याच्या नावानं, काट्याच्या नावानं कटती लावतो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 ठरला, मध्यम धाग्याचा 7,710. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडे द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसावा लागतो, म्हणजे ई-पीक पाहणी झालेली असावी. ओल 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 पर्यंत कपातीनं घेतात, त्यावर परत पाठवतात. म्हणून सकाळचा दवाचा वेचा वेगळा ठेवा, दोन उन्हं दाखवा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. कास्तकार याला भितात, बँक कापून घेईल म्हणून. तुमचं पीककर्ज अजून थकीत नाही, तेव्हा ही भीती सध्या बाजूला ठेवा.

घरखर्चासाठी आणि हप्त्यांसाठी चार-पाच क्विंटल खेडा खरेदीत जाईल, जाऊ द्या. सगळा मात्र त्याच्या गाडीत भरू नका.

गटाचा साहेब. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत या कर्जाची वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी करायची असते. त्या ठिकाणी तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच त्यांना घरी येता येतं, आणि तेही सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर नाही. हे त्याला शांतपणे सांगा, भांडू नका. तोही पगारी पोरगा आहे, त्याच्यावर वरून दाब असतो. हप्ते बुडवू नका. पण एकाचा भरायला तिसऱ्या कंपनीचा गट धरलात तर मग माझ्याकडे उत्तर नाही. मुदतीआधी फेडलं तर या कर्जावर दंड लावता येत नाही, तेव्हा तूर आली की लहान असेल ते आधी मिटवा.

कृषी केंद्रवाला थांबेल. मृगाला तुम्ही त्याच्याच दुकानात जाणार हे त्याला माहीत आहे. काही रक्कम द्या आणि पक्कं बिल मागा. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांत किती फरक लावला आहे ते एकदा डोळ्यांनी पाहा.

बैलजोडी विकू नका असं मी ठामपणे लिहिणार होते, मग थांबले. मालक चार-सहा महिने वखरामागे चालू शकणार नाहीत आणि चारा रोज लागणार. शेजारच्याला वाहायला देता येते का पाहा: चारा त्याचा, तुमची वाहिती फुकट. ते जमलंच नाही तर विका. पण जूनच्या तोंडावर तीच जोडी घ्यायला गेलात तर भाव काय असतो ते दिरांना विचारा.

सुकन्या खातं तसंही आत्ता फोडता येत नाही. वर्षाला 250 रुपये टाकून जिवंत ठेवा. आणि रॉड काढायची वेळ येईल तेव्हा दवाखान्यात शिरण्याआधी विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा दवाखाना आहे का, हे ऑपरेशन बसतं का. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड दाखवायचं. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत सोय आहे. 62,000 गेले ते गेले.

प्रश्न: आमच्या गावच्या पतसंस्थेत ठेवीवर बँकेपेक्षा तीन टक्के जास्त मिळतात. वडिलांच्या निवृत्तीचे 4 लाख ठेवावेत का? बँकेसारखाच 5 लाखांचा विमा असतो ना?
– वाचक, वाशिम जिल्हा

उत्तर: नसतो. 5 लाखांचं संरक्षण 2020 पासून बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही, बोर्डावर कितीही मोठ्या अक्षरांत 'विश्वास' लिहिलेलं असो. माझ्या नणंदेचे पैसे अशाच एका ठिकाणी अडकले. ती दर महिन्याला चौकशीला जाते, तिथला पोरगा चहा पाजतो आणि पुढची तारीख देतो. थोडेफार पैसे ठेवायचे तर ठेवा. वडिलांची सगळी पुंजी नको.

प्रश्न: माझ्या खात्यातून दर वर्षी 436 आणि 20 रुपये कापले जातात. बँकेनं न विचारता काय लावलं आहे? बंद कसं करू?
– वाचक, मेहकर

उत्तर: भाऊ, बंद करू नका. 436 हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता, मृत्यू कशानंही झाला तरी वारसदाराला 2 लाख. 20 रुपयांत सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. कधी तरी फॉर्मवर तुमची सही झाली असेल.

एकदा एक बाई पासबुक घेऊन काउंटरवर आली. नवरा चार महिन्यांपूर्वी गेला होता. तिला खात्यातले नऊशे रुपये काढायचे होते आणि तिनंही हीच तक्रार केली, बँक दर वर्षी पैसे कापते. तेव्हा हप्ता 330 होता. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तारीख पाहिली. हप्ता गेलेला होता, विमा चालू होता. तिच्या हाताला कापसाच्या बोंडानं पडलेले चरे होते, सही करताना पेन दोनदा सुटला. नऊशे काढायला आलेली बाई 2 लाखांचा क्लेम फॉर्म भरून गेली.

पण दुसरीही एक बाई आठवते. तिच्या नवऱ्याचा विमा आदल्या वर्षी तुटला होता. हा हप्ता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कापतात, कारण विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं. आपल्याकडे नेमकं तेव्हाच खातं खडखडीत रिकामं असतं, सगळं बियाण्याला गेलेलं. त्या खात्यात 212 रुपये होते.

तेव्हा 25 मे च्या आधी खात्यात 456 रुपये आहेत का ते पाहा. वारसदार म्हणून बायकोचं नाव आहे का तेही शाखेत विचारा. लग्नाआधी खातं उघडलं असेल तर तिथे अजून आईचं नाव असतं. आणि बायकोला ही ओळ पासबुकात दाखवून ठेवा. शेतात साप चावला, वीज पडली, मोटारीचा शॉक लागला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना वेगळी आहे, मृत्यूला 2 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत द्यायचा असतो. तेरवी होईपर्यंत त्यातले निम्मे दिवस गेलेले असतात.

सगळ्याच वाचकांना एक विनंती: पत्रासोबत आधार कार्डाची झेरॉक्स पाठवू नका. मागच्या महिन्यात तीन आल्या, एकीवर तर मागे एटीएमचा पिनही लिहिलेला होता. तिन्ही चुलीत घातल्या. पिनवाल्या काकांनी तो आजच बदलून घ्यावा.