पुणे ते दिल्ली विमानाने किती अंतर आणि किती वेळ? मुलाखतीच्या दिवशीच सकाळी निघालं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत दुपारच्या सत्रात यूपीएससीची मुलाखत आहे, राहायला सदाशिव पेठेत आहात आणि विमानात पहिल्यांदाच बसणार आहात. अंतराचं गणित सांगतो, पण आधी महत्त्वाचं: त्याच दिवशी सकाळी निघू नका. आदल्या दिवशी दुपारीच जा.

पुण्याचं लोहगाव विमानतळ ते दिल्ली विमानतळ सरळ रेषेत साधारण 1,160 किलोमीटर आहे. विमान वर गेल्यावर ताशी 800 किलोमीटरच्या पुढे जातं, म्हणून काही संकेतस्थळं दीड तास दाखवतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास असतात, आणि तेच धरायचे. तो वेळ पुण्यात विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, ठरलेल्या हवाई मार्गाची वळणं, उतरण्यासाठी रांग, मग दिल्लीत जमिनीवरचा लांबलचक फेरा, सगळं त्यात आलं. भागाकार करून बघा, सरासरी ताशी 515 च पडते. शिवाय लोहगाव हा हवाई दलाचा तळ. धावपट्टी एकच, त्यामुळे कधी कधी थांबावं लागतं.

आता घरापासून मुलाखतीच्या दारापर्यंतचा वेळ. पेठेतून विमानतळाला तासभर धरा. नगर रोड तुंबला तर जास्तच. मेट्रोने रामवाडीपर्यंत जाऊन पुढे रिक्षा केली तर हा त्रास बराच वाचतो, पण पहाटेच्या विमानाला मेट्रो उपयोगाची नाही. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण 60 मिनिटं आधी बंद होतं. पहिलीच वेळ आहे, दोन तास आधी पोहोचा. उतरल्यावर बॅग मिळून बाहेर पडायला पाऊण तास, तिथून मुलाखत होते त्या शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसला, म्हणजे यूपीएससीच्या कार्यालयाला, आणखी पाऊण-एक तास. एकूण साडेसहा-सात तास झाले. सकाळी सातचं विमान पकडलं तर कागदावर तुम्ही एकच्या आत आरामात पोहोचता.

पण जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं पडतं. तिथे अगदी कमी दृश्यमानतेत उतरवणारी यंत्रणा आहे, मात्र विमान आणि वैमानिक दोन्ही त्यासाठी पात्र लागतात, आणि दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं. मग रांग लागते. दिल्लीहून येणारं विमान तिकडेच अडकलं की पुण्यात लख्ख ऊन असूनही तुमचं उड्डाण लांबतं. इतकी वर्षं अभ्यास करून तिथवर पोहोचलेल्या माणसाने त्या दिवशी विमानतळावरच्या फलकाकडे बघत बसावं, हे मला अजिबात पटत नाही.

दुपारपर्यंत धुकं बहुधा विरतं, म्हणून आदल्या दिवशीचं दुपारचं विमान. ते रद्द झालं तरी संध्याकाळचं हाताशी राहतं, आणि तेही चुकलं तर रात्र शिल्लक असते. रेल्वे हा पर्याय या महिन्यात धरू नका, उत्तरेत गाड्याही धुक्यामुळे रखडतात.

मूळ कागदपत्रं चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मुलाखतीचे कपडेही त्याच पिशवीत. परतीचं तिकीट शक्यतो दुसऱ्या दिवशीचं काढा, आणि ते दिल्लीत कोणत्या टर्मिनलचं आहे हे नीट बघा. टर्मिनल 1 आणि 3 एकमेकांपासून बरेच लांब आहेत.