फोर्डने एफ-१५० लाइटनिंग बंद केली, मग वापरलेली घ्यावी का? या गाडीचं पुढे काय होणार?

तुम्ही नोकरीसाठी नुकतेच मिशिगनला आलात, २०२३ची वापरलेली लाइटनिंग (फोर्डच्या एफ-१५० पिकअप ट्रकचं विजेवर चालणारं मॉडेल) चांगल्या भावात मिळतेय, पण कंपनीने मॉडेलच बंद केलं म्हटल्यावर मन धजावत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो आणि २०२२च्या शेवटापासून हीच गाडी चालवतोय, मोठ्या बॅटरीची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेमकं झालं काय ते. १५ डिसेंबर २०२५ला फोर्डने जाहीर केलं की निव्वळ बॅटरीवर चालणारी लाइटनिंग आता बनणार नाही. नाव मात्र राहणार आहे. पुढच्या लाइटनिंगची चाकं विजेच्या मोटरवरच फिरतील, पण बॅटरी भरत राहायला गाडीतच पेट्रोलचा जनरेटर असेल. पल्ला ७०० मैलांच्या वर जाईल, असं कंपनी म्हणते. फोर्डची स्पर्धक असलेल्या रॅम कंपनीनेही त्याआधी सप्टेंबरमध्ये आपला पूर्ण इलेक्ट्रिक मोठा पिकअप रद्द करून हाच रस्ता धरला होता.

सप्टेंबरचा तो महिना लाइटनिंगला फार वाईट गेला. न्यूयॉर्क राज्यात ऑस्वेगोला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात आग लागली आणि एफ-१५०च्या पत्र्याची टंचाई झाली. जो पत्रा मिळाला तो फोर्डने पेट्रोलच्या गाड्यांकडे वळवला, कारण पैसा त्यांत सुटतो. महिनाअखेरीस, ३० तारखेला, नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची सरकारी करसवलत संपली. वापरलेल्या गाडीवर ४,००० डॉलरपर्यंत सवलत होती, तीही त्याच दिवशी गेली. तुमचा विक्रेता अजून तिचं नाव काढत असेल तर तेवढ्यावरून सावध व्हा.

पण माझ्या मते दुखणं त्याआधीचं आहे. मे २०२१मध्ये ही गाडी दाखवली तेव्हा कामाच्या साध्या मॉडेलची किंमत ३९,९७४ डॉलर सांगितली होती. सुतार, प्लंबर, वायरमन यांना परवडेल असा पिकअप, गाडीतच आठ-दहा प्लग, साइटवर वेगळा जनरेटर नेण्याची गरज नाही. मला तर ही कल्पना फारच आवडली होती. जवळजवळ दोन लाख लोकांनी नाव नोंदवलं. कच्चा माल महागला आणि तेच मॉडेल टप्प्याटप्प्याने चढत मार्च २०२३मध्ये ५९,९७४ डॉलरवर गेलं. ज्याच्यासाठी गाडी काढली तो गिऱ्हाईक तिथेच सुटला. जुलैत भाव पुन्हा उतरवले, पण गेलेली माणसं परत आली नाहीत. वर्षाला दीड लाख गाड्या बनवायची तयारी होती. २०२४ हे विक्रीचं सगळ्यात चांगलं वर्ष, त्यातही अमेरिकेत ३३,५१० गाड्या खपल्या. त्याच वर्षी एफ मालिकेचे (एफ-१५० आणि तिची मोठी भावंडं) सगळे ट्रक मिळून आकडा सात लाखांच्या पुढे होता.

आता माझा अनुभव. २२ फेब्रुवारी २०२३ला इकडे बर्फाळ पाऊस झाला. फांद्यांवर काचेसारखा थर चढला, रात्रभर त्या कडाकड मोडत होत्या, आणि या भागातल्या लाखो घरांची वीज गेली. आमच्या तळघरात पाणी उपसणारा पंप आहे. तो थांबला की काही तासांत जमिनीवर पाणी. मी गाडी गॅरेजच्या दाराशी लावली, बॉनेटखालच्या डिकीतल्या प्लगांना दोन लांब वायरी जोडल्या. एकीवर पंप आणि फ्रिज, दुसरीवर हॉलमधला हीटर. आई तेव्हा साताऱ्याहून आलेली. सकाळी तिने हीटर काढून त्याच वायरीवर कुकर लावला आणि आम्ही गरम भात खाल्ला. दीड दिवसाने वीज आली तेव्हाही बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. ही गाडी वाईट होती असं कोणी म्हटलं की मला ती सकाळ आठवते.

दुसरी बाजूही ऐका. त्या उन्हाळ्यात आम्ही मित्राचा कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून मिशिगनच्याच उत्तरेकडच्या ट्रॅव्हर्स सिटीला निघालो. माझ्या गाडीचा कागदावरचा पल्ला ३२० मैल, ट्रेलर लावल्यावर जेमतेम निम्मा. वाटेत चार्जिंगला थांबलो तर जागा सगळ्या साध्या पार्किंगसारख्या, ट्रेलरसकट आत शिरताच येईना. भर उन्हात तो सोडवून शेजारच्या दुकानाच्या आवारात उभा केला, बायको त्याच्यापाशी थांबली, पाऊण तास चार्जिंग केलं आणि पुन्हा जोडणी. जाताना एकदा, येताना एकदा.

यात चूक कोणाचीच नाही, हिशेबच तसा आहे. माझ्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते. ऊर्जेच्या मापाने ती चार गॅलन पेट्रोलएवढीसुद्धा भरत नाही. मोटर काटकसरी म्हणून एरवी तेवढ्यात भागतं, पण वारा कापत चौकोनी खोका ओढायचा म्हटलं की बॅटरी भराभर उतरते. बॅटरी आणखी मोठी करावी तर गाडी आत्ताच तीन टनांच्या आसपास आहे. म्हणून जनरेटरवाली लाइटनिंग मला पटते, वाईट वाटत असलं तरी. पूर्ण विजेवरचा पिकअप टिकेल तो लहान आकारातच. फोर्ड २०२७मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यातून साधारण ३०,००० डॉलरचा मध्यम पिकअप काढणार आहे. परवडणाऱ्या पिकअपचा २०२१चा तो शब्द त्यात पाळला जावा, असं मनापासून वाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, ट्रेलर ओढून लांब जायचं नसेल आणि घरी चार्जर बसवता येत असेल तर घ्या. मॉडेल बंद झालं म्हणून गाडी अनाथ होत नाही. केबिन आणि बरेच पत्रे साध्या एफ-१५०चेच आहेत, ते अमेरिकेत कुठेही मिळतील. बॅटरीला मूळ खरेदीपासून ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची हमी आहे, म्हणजे २०२३च्या गाडीची बरीच शिल्लक असेल. भाड्याच्या घरात राहत असाल आणि चार्जर बसवायला मालक परवानगी देत नसेल, तर मात्र नको. इथल्या थंडीत रोज बाहेर चार्जिंग करत बसणं जिवावर येतं.

बघायला जाल तेव्हा बॅटरी किती टक्के आहे आणि पल्ला किती दाखवतेय याचा फोटो काढा, टेस्लाच्या चार्जरला जोडायचा अडॅप्टर सोबत देतात का ते विचारा, आणि घरून एक छोटा हीटर घेऊन जा. डिकीतल्या आणि हौद्यातल्या प्रत्येक प्लगला तो लावून पाहा.